मोठ्याचं वाचन आणि धाकटीची बालवाडी

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. मिस्टर रिक्षा चालवतात, मी कपड्याच्या दुकानात काउंटरला असते. मोठा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. जून 2019मध्ये त्याला त्याच शाळेतल्या बालवाडीत घातलं होतं. पण अजून जोडाक्षर आलं की अडतो, धडा वाच म्हटलं की पाणी प्यायला उठतो. धाकटी येत्या जूनला साडेतीन वर्षांची होईल. तिच्यासाठी खासगी शाळेतल्या मोफत जागेचा, आरटीईचा, अर्ज भरला होता, सोडतीत नंबर लागला नाही. जाऊबाई म्हणतात, ‘बालवाडीत घालून एकाचं वाटोळं केलंस, आता हिचं तरी करू नकोस.’ त्यांची मुलगी ज्या इंग्रजी नर्सरीत जाते तिथली फी वर्षाला 38,000 आहे, व्हॅनचे वेगळे. सासूबाई म्हणतात, राहू दे घरी, मी आहे. मिस्टर म्हणतात, तूच ठरव. ताई, महापालिकेच्या बालवाडीचा पुढे शाळेत खरंच काही उपयोग होतो का?
– एक आई, भांडुप

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी एका तारखेपाशी थांबले. जून 2019. जरा माझ्याबरोबर बोटं मोजा. जूनमध्ये तो बालवाडीत बसला. पहिले पंधरा दिवस रडण्यात गेले असतील, मग गणपती, मग दिवाळीची सुट्टी. जरा रुळला असेल तोवर मार्च 2020 उजाडला आणि सगळ्या शाळांना कुलूप लागलं. मुंबईत लहान मुलांचे वर्ग नीट भरायला 2022 साल उजाडावं लागलं. जून 2022मध्ये तो थेट पहिलीत. म्हणजे त्याच्या वाट्याला बालवाडी आली जेमतेम नऊ महिने, आणि तीही साडेतीन-चार वर्षांचा असताना. ज्या दोन वर्षांत पोरं गोष्टी ऐकतात, रांगेत उभं राहायला शिकतात, शेजारच्याची खडू-पेन्सिल न ओढता आपली पाळी यायची वाट बघतात, त्या दोन वर्षांत तो घरात होता. मधूनमधून बालवाडीच्या ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा व्हिडिओ येत असेल, आणि फोन मिस्टरांबरोबर रिक्षात.

तेव्हा जाऊबाईंना एवढंच सांगा, की त्याला बालवाडी लागू पडली नाही असं नाही, त्याला बालवाडी पुरती मिळालीच नाही. त्याच्या वयाच्या लाखो मुलांचं हेच झालंय. त्यांत 38,000 भरणारीही होती. मोठ्याबद्दल मी खाली वेगळं लिहिते, कारण त्याचं काम वेगळं आहे आणि ते जास्त घाईचं आहे. आधी धाकटीचं बघू.

‘खरंच उपयोग होतो का’ हा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण त्याचं उत्तर मिळवणं फार किचकट आहे. महापालिकेच्या शाळेतली मुलं आणि फी भरून शिकणारी मुलं यांचे मार्क शेजारी शेजारी ठेवले की खासगी शाळा पुढे दिसते. पण त्यात शाळा किती आणि घर किती? एका घरात आई-बाप दोघं पदवीधर, स्वतंत्र खोली, वर शिकवणी. दुसऱ्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, आणि मे महिन्यात गावाला गेलेलं पोर जुलैत परत येतं. या दोघांच्या मार्कांची तुलना म्हणजे शाळांची तुलना नव्हे. तुमच्या जाऊबाई ती करतात, वर्तमानपत्रंही करतात.

खरी तुलना करायची तर सारख्याच घरांतली मुलं हवीत, ज्यांतली काही बालवाडीत गेली आणि काही केवळ नशिबाने राहिली. तुम्ही नुकतीच आरटीईची सोडत बघितलीय, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांत चार वर्षांच्या मुलांसाठी बिनाफीचे वर्ग आहेत. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून तिथेही सोडत. 1997 ते 2003 या काळातल्या सोडतींमधली सुमारे चार हजार मुलं संशोधकांनी कागदोपत्री धरून ठेवली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग काढला. नंबर लागलेली आणि न लागलेली, दोन्ही.

निष्कर्ष 2021 साली बाहेर आले आणि भल्याभल्यांना कोड्यात टाकून गेले. बालवाडीत गेलेल्या मुलांचे पुढच्या शालेय परीक्षांतले मार्क फारसे वाढलेलेच नव्हते. तिथेच थांबलो असतो तर म्हटलं असतं, गेले पैसे पाण्यात. पण तीच मुलं बारावीनंतर वेळेवर कॉलेजात जाण्याचं प्रमाण शंभरात आठाने जास्त निघालं. शाळेतून तात्पुरतं काढून टाकण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली, अल्पवयात कोठडीत जाण्याचीही कमी. म्हणजे चौथीच्या मार्कांत जे दिसलं नाही, ते अठराव्या वर्षी दिसलं. बसायची सवय, रागावर ताबा, समोरच्या मोठ्या माणसाला न घाबरता विचारणं, ही शिदोरी प्रगतिपुस्तकात कुठल्या रकान्यात लिहितात ते मला अजून कळलेलं नाही.

मात्र मी तुम्हाला अर्धंच चित्र दाखवणार नाही. त्याच अमेरिकेत टेनेसी नावाच्या राज्यातही सोडतीवरच असाच अभ्यास झाला. तो 2022मध्ये छापून आला, आणि तिथे सहावीला पोचेपर्यंत सरकारी बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे पडलेली आढळली. मार्कांतही आणि वागण्यातही. का, यावर अजून वाद चालू आहेत. मी त्यातून एवढंच घेते की ‘बालवाडी’ या पाटीला काही अर्थ नाही. पाटीखाली, त्या खोलीत, रोज काय चालतं त्याला आहे.

आता माझीच एक गोष्ट. आयुष्याची वीसेक वर्षं मी वस्त्यांमधल्या बालवाड्यांत काढली, आधी ताई म्हणून आणि मग ताईंना शिकवणारी म्हणून. सुरुवातीला माझी बालवाडी एका देवळाच्या सभामंडपात भरायची. एकदा पाहुणे येणार होते. मी महिनाभर पोरांकडून एक ते शंभर घोकून घेतले. पाहुण्यांसमोर चार वर्षांच्या एका मुलाने न अडखळता शंभरी गाठली, टाळ्या पडल्या, मी फुलून गेले. पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई खाली बसल्या, चिंचोक्यांचा डबा पुढे सरकवला आणि त्याला म्हणाल्या, ‘मला सात दे रे.’ त्याने मूठ भरून दिली. ‘मोजून दे,’ म्हणाल्या. तर तो एकेक चिंचोका ठेवत ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लागला आणि बारापर्यंत गेला, कारण थांबायचं कुठे हे त्याला ठाऊकच नव्हतं. सात हा त्याच्यासाठी गाण्यातला एक शब्द होता. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं.

म्हणून सांगते, ठरवण्याआधी एक सकाळ काढा. दुकानातून दोन तासांची सवलत मागा आणि दोन्हीकडे जाऊन या. बालवाडीतही आणि त्या नर्सरीतही. आधी ताईंना विचारून घ्या आणि कोपऱ्यात गप्प उभ्या राहा. भिंतीवरची चित्रं बघू नका, ती सगळीकडे असतात. खेळणी कुठे आहेत ते बघा. मुलांच्या हाताला येतील अशी खाली मांडलीत, की कपाटात कुलूपबंद आणि किल्ली ऑफिसात? मुलाशी बोलताना ताई खाली बसतात की वरूनच हाक मारतात? एखादं मूल काही सांगत असेल तर ते संपेपर्यंत थांबतात का? गोष्टीचं पुस्तक निघतं का, आणि निघालं तर त्याची पानं मळलेली आहेत का? कोरं करकरीत पुस्तक म्हणजे फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेलं पुस्तक. संडास जाऊन बघा, लाजू नका. पाणी आहे का, कडी कुणाच्या हाताला येते?

आणि वह्या बघा. साडेतीन वर्षांच्या पोराच्या वहीत पानामागून पान ‘अ अ अ’ किंवा ‘ए ए ए’ गिरवलेलं असेल तर ती शाळा फुकटातली असो की 38,000ची, मी माझ्या नातीला तिथे घालणार नाही. त्या वयात बोटांत पेन्सिल धरायची ताकद यायला माती मळावी लागते, कागद फाडावे लागतात, मणी ओवावे लागतात. गंमत म्हणजे वहीचा हा सोस खासगी नर्सरीत जास्त दिसतो, कारण फी भरणाऱ्या पालकांना रोज काहीतरी ‘झालेलं’ दाखवायचं असतं.

मुलं किती आहेत तेही मोजा. एक ताई, पंचवीस मुलं, मदतीला आणखी एक बाई, तर चालेल. एकट्या ताईपुढे चाळीस मुलं आणि शिवाय त्यांनाच रजिस्टरं भरायची, तर कितीही गुणी बाई असली तरी ती फक्त मुलं सांभाळते, शिकवत नाही. तमिळनाडूत काही अंगणवाड्यांना अर्ध्या दिवसासाठी एक जादा कार्यकर्ती देऊन बघितली, फक्त लहान मुलांबरोबर बसण्यासाठी. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांची भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं. उपकरणं नवी नव्हती, इमारत नवी नव्हती, एक माणूस नवं होतं. आपल्याकडे बालवाडीच्या ताईंना तुटपुंज्या मानधनावर राबवतात आणि मग विचारतात की निकाल का दिसत नाही. असो, हा राग तुमच्या पत्रावर काढायला नको.

जाऊबाईंच्या बोलण्यात आणखी एक काटा आहे, तो तुम्ही लिहिला नाहीत पण मला टोचला. बालवाडी म्हणजे गरिबांची, नर्सरी म्हणजे चांगल्या घरची. मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम आधी शहरातल्या शिकलेल्या घरांत केलं, दादरला शिशुविहार चालवलं, आणि मग 1945मध्ये सगळं उचलून पालघरकडच्या बोर्डी गावात, गोरगरिबांच्या पोरांत गेल्या. सोबत अनुताई वाघ. हाताने करत शिकायच्या मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, तर त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती घेऊन तीच तत्त्वं उभी केली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवली. ज्या नर्सरीच्या दारावर ‘मॉन्टेसरी पद्धत’ असं लिहून वर्षाला 38,000 घेतात, तिथे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात. चिंचोके असतात तिथे फी नसते.

इंग्रजीचं काय, हे तुमच्या मनात असणारच. साडेतीन वर्षांच्या मुलीला घरी ज्या भाषेत झोपवता, त्या भाषेत तिला आधी भरपूर बोलू द्या. ज्या मुलाला एका भाषेत पाच वाक्यांची गोष्ट रचता येते त्याला दुसरी भाषा जोडता येते. ज्याला एकातही येत नाही, तो दोन्हीकडे ‘येस टीचर’वर अडकतो. पुढे पहिलीला मराठी माध्यमात सेमी-इंग्रजी घ्यायचं, की महापालिकेचीच इंग्रजी माध्यमाची शाळा बघायची, हे ठरवायला अजून दोन-तीन वर्षं हातात आहेत. आरटीईचंही दार बंद झालेलं नाही. तुमच्या भागात ज्या शाळांचा प्रवेश पहिलीपासून सुरू होतो, तिथे वय बसेल तेव्हा पुन्हा अर्ज भरा. जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा एका पिशवीत तयार ठेवा. दरवर्षी ऐन वेळी धावाधाव होते ती या कागदांचीच.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आजी असलेलं घर ही मोठी मिळकत आहे. पण घरी एकटी आजी आणि एकटी नात, यात दुसरं पोर नसतं. भांडायला कुणी नाही, वाटून खायला कुणी नाही. बालवाडी असते काही तासांची. दुपारपासून पुढचा सगळा दिवस सासूबाईंचाच आहे. त्यांना एक काम मात्र मुद्दाम सोपवा: रोज एक गोष्ट, आणि ती सांगताना मध्ये थांबून ‘मग काय झालं असेल गं?’ असं विचारायचं. टीव्ही बंद करून. हे त्यांना ‘अभ्यास घ्या’ म्हणून सांगू नका, नाहीतर त्या पाढे घ्यायला बसतील.

तर माझं मत: तुमच्या शाळेतली बालवाडी बघून या. ताई खाली बसणाऱ्या निघाल्या तर धाकटीला तिथेच घाला. नाही निघाल्या तर जवळची दुसरी बालवाडी किंवा अंगणवाडी बघा. 38,000 आणि व्हॅनचे पैसे त्या नर्सरीत घालायचे, तर ती बघून आल्यावर तुमचा जीव ‘हो’ म्हणाला तरच. आणि मग दुसरं वर्ष, तिसरं वर्ष भरायची ताकद आहे का हेही आधीच बघा. पहिलं वर्ष भरून दुसऱ्या वर्षी शाळा बदलायला लागली की पोर दोनदा रुजायला बसतं.

आता मोठा. हे पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुम्ही ते नुसतं पुरावा म्हणून लिहिलंत.

चौथीतला मुलगा धडा दिला की पाणी प्यायला उठतो, याचा अर्थ तो आळशी नाही. त्याला वाचता येत नाही हे त्याला कळलंय आणि ते कुणाला कळू नये म्हणून तो उठतो. आधी त्याची पायरी शोधा. चौथीचं पुस्तक बाजूला ठेवा. एका कागदावर दहा सुटी अक्षरं लिहा, दुसऱ्यावर दहा सोपे शब्द, तिसऱ्यावर चार छोट्या वाक्यांचा उतारा, चौथ्यावर दहा-बारा ओळींची सोपी गोष्ट. एकेक पुढे ठेवा. ओरडायचं नाही, सुधारायचं नाही, जिथे अडेल तिथे नुसती खूण करायची. माझा अंदाज, तो शब्दांवर तरतो आणि उताऱ्यावर गळतो. ‘कमळ’ वाचेल, ‘किल्ल्यावर’ आलं की उठेल.

पायरी सापडली की तिथूनच चढायचं, इयत्ता कुठलीही असो. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या शाळांमध्ये 2001 ते 2003 या काळात नेमकं हे करून बघितलंय. ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन ‘बालसखी’ केलं. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळं बसवायच्या आणि जिथे अडलंय तिथून शिकवायच्या. मार्क वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागच्यांचे. हे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडे बी.एड. नव्हतं. तुमच्या चाळीत बारावी झालेली एखादी समजूतदार मुलगी असेल. नर्सरीच्या फीचा एक छोटा तुकडा तिला दरमहा द्या. रोज पाऊण तास, फक्त वाचन, गृहपाठ नाही.

शाळेतही जा. वर्गशिक्षकांना ‘याचं काय करायचं’ असं न विचारता तो खुणा केलेला कागद दाखवा आणि विचारा, ‘याला उताऱ्यापर्यंत आणायला तुम्ही काय करता, मी काय करू?’ चांगला शिक्षक असेल तर खूश होईल. वैतागलेला असेल तरी कागद समोर असला की टाळणं अवघड जातं.

अजून एक. संध्याकाळी धाकटीला गोष्ट वाचून दाखवायचं काम त्याला द्या. बालवाडीतली चित्रांची पुस्तकं, एका पानावर दोन ओळी. त्याच्या पायरीची नेमकी तीच आहेत, पण ती ‘बाळाची पुस्तकं’ म्हणून स्वतःसाठी तो कधी हातात धरणार नाही. बहिणीसाठी धरेल. चुकला तरी तिला कळणार नाही, ती ‘परत वाच’ म्हणेल, आणि तो परत वाचेल. तेवढा वेळ तुम्ही आत स्वयंपाकाला लागा. बाहेर यायचं नाही, त्याने हाक मारल्याशिवाय.